काचेच्या तारेने वायू कुठे शोधावा?

भिलाई पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ रोजी सहा जण कार्बन मोनॉक्साइडने दगावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते, म्हणजे कारखान्याची नस न् नस ठाऊक असलेली माणसे. वायू झोतभट्टी फुटून बाहेर आला नव्हता. भट्टीचा वायू धुऊन काढणाऱ्या यंत्रणेला पाणी पुरवणाऱ्या पंपगृहात बिघाड झाला, पाण्याचा दाब पडला आणि पाण्याच्याच वाटेने वायू उलटा येऊन तिथे साचला. पंपगृह ही पाण्याची जागा. तिथे भट्टीचा वायू असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. या वायूला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे डोके जड झाल्याचे कळेपर्यंत पायातले त्राण गेलेले असते. वायुमापक किती अचूक होता हा अशा वेळी दुसरा प्रश्न. तो होता कुठे, हा पहिला. विषारी वायू ओळखण्याच्या कोणत्याही तंत्राची पारख याच कसोटीवर करायला हवी आणि ऑप्टिकल फायबरचे वायुमापक या कसोटीला बऱ्यापैकी उतरतात. मात्र सरसकट सगळीकडे नाही.

सीमेपलीकडच्या छत्तीसगडातला हा धोका आता गडचिरोलीच्या दारात येतो आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या पहाडावरचे लोहखनिज २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला भाडेपट्ट्याने मिळाले. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली सत्तरहून अधिक वाहने जाळली, काम थंडावले आणि २०२१ पासून पुन्हा जोरात सुरू झाले. २२ जुलै २०२५ ला हेडरीचा खनिज दळण्याचा प्रकल्प, तिथून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत जाणारी सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन आणि कोनसरीचा पेलेट प्रकल्प यांचे उद्घाटन झाले; त्याच दिवशी ४५ लाख टन क्षमतेच्या एकात्मिक पोलाद प्रकल्पाची पायाभरणीही झाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला याच कंपनीचा स्पंज आयर्नचा कारखाना कैक वर्षांपासून चालू आहे. म्हणजे पहाडावर खोदाई, हेडरीला दळण, कोनसरी-घुग्घुसला भट्ट्या आणि त्या भट्ट्यांना लागणारा कोळसा खाणपट्ट्यांतून, अशी ही साखळी आहे. तिच्या प्रत्येक कडीत हवेत वेगळे काहीतरी मिसळते आणि एकच उपकरण सगळीकडे बसवून भागत नाही.

पहाडावर पाहिले तर मुख्य त्रास वायूचा नाहीच, धुळीचा आहे. लोहखनिजाबरोबरच्या बँडेड हेमॅटाइट क्वार्ट्झाइट नावाच्या दगडात सिलिका असते. तो फोडला, दळला की फुप्फुसात जाऊन बसणारी बारीक पूड हवेत येते. सुरुंग उडवल्यावर स्फोटक नीट जळले नाही तर नारिंगी झाक असलेला नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. पण उघड्या खाणीत तो वाऱ्यावर पांगतो आणि माणसांना ठरावीक वेळ दूर ठेवले की काम निभावते. भट्टीकडे आल्यावर चित्र बदलते. स्पंज आयर्नच्या फिरत्या किल्नमध्ये कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड तयार व्हावा हाच तर हेतू असतो, कारण खनिजातला ऑक्सिजन तोच ओढून घेतो. उरलेला वायू आफ्टर बर्निंग चेंबरमध्ये जाळतात. कारखान्यातले लोक त्याला नुसते ‘एबीसी’ म्हणतात. किल्नमधला दाब बिघडला की जोडांच्या सीलमधून हाच वायू बाहेर डोकावतो. झोतभट्टीच्या वायूत तर पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त कार्बन मोनॉक्साइड असतो, तर कामाच्या जागी आठ तासांसाठी आपल्याकडे कायद्याने दिलेली मर्यादा आहे ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पन्नास. या दोन आकड्यांमधली दरी ध्यानात घेतली की भट्टीच्या आसपास एखादा सैल फ्लँज किती महागात पडू शकतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता फायबरकडे. काचेच्या बारीक तंतूत शिरलेला प्रकाश भिंतीवर तिरपा आदळून पुन्हा आत परततो, पूर्ण आंतरिक परावर्तनाने, आणि वळणावळणाने किलोमीटरचे किलोमीटर जातो. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवण्याचे काम १९५४ मध्ये प्रसिद्ध केले; चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की काचेतली अशुद्धी काढली तर प्रकाश फार दूर जाऊ शकेल आणि त्यासाठी २००९ चे नोबेल त्यांना मिळाले. आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-वाळूजमध्येच काचेचा दांडा तापवून असे तंतू ओढले जातात, तेव्हा ही काही परदेशातून मागवायची अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. दूरसंचाराच्या तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटरचा, आवरणासकट जाडी १२५ मायक्रोमीटर. त्याला वायू कसा कळतो? एक रीत अशी : आवरण थोड्या लांबीत सोलायचे. आत परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा पुसटसा अंश काचेच्या बाहेर मायक्रोमीटरभरसुद्धा नसलेल्या थरात पसरलेला असतो. तिथे वायू आला, किंवा वायूने रंग बदलणारा लेप असला, की परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. दुसरी रीत : तंतूच्या टोकावर रंगद्रव्य बसवायचे. रुथेनियमच्या एका संयुगावर निळा प्रकाश टाकला की ते लालसर चमकते आणि आसपास ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक मंद होते. बंदिस्त टाकीत उतरण्याआधी ऑक्सिजन पुरेसा आहे का हे पाहायला हे फार छान. अमोनियासाठी आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग पालटणारी द्रव्ये वापरतात.

तिसरी रीत मला सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण तिच्यात झिजणारे रसायन नसते. तंतूने लेझरचा प्रकाश एका छोट्या जाळीदार डबीपर्यंत न्यायचा, डबीतल्या हवेतून जाऊ द्यायचा आणि दुसऱ्या तंतूने परत आणायचा. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश गिळतो. मिथेनची एक ठळक रेषा १६५४ नॅनोमीटरच्या आसपास आहे. लेझरला दिलेली वीज किंचित कमीजास्त केली की त्याची तरंगलांबीही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर आलेल्या प्रकाशाचा आलेख सपाट धावत असतो आणि बरोबर त्या रेषेवर खड्ड्यासारखा खाली जातो. खड्डा जितका खोल तितका मिथेन जास्त. यातली खुबी धुळीच्या संदर्भात महत्त्वाची आहे. डबीच्या काचेवर लाल धूळ बसली तर सगळाच आलेख खाली सरकतो, रेषेवरचाही आणि रेषेबाहेरचाही. पण खड्ड्याचे आजूबाजूच्या पातळीशी असलेले प्रमाण तसेच राहते. त्यामुळे ‘लोखंडाच्या धुळीत काचेचे उपकरण काय टिकणार’ या आक्षेपाला उत्तर उपकरणाच्या मोजण्याच्या पद्धतीतच आहे. धूळ इतकी साचली की प्रकाशच येईना, तर उपकरण आंधळे होते. पण आंधळे झाल्याचे ते सांगते. हवेत वायू नाही, असे खोटे सांगत नाही. सुरक्षेच्या कामात हा फरक जीवनमरणाचा असतो.

तरीही या तंत्राच्या जाहिरातीत सगळे वायू जणू एकाच मापाने मोजता येतात असे भासवले जाते, ते खरे नाही. साधा काचतंतू १५५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत पारदर्शक असतो. किलोमीटरमागे जेमतेम ०.२ डेसिबल प्रकाश वाया जातो. मिथेन, अमोनिया, ॲसिटिलीन यांच्या वापरता येतील अशा रेषा या पट्ट्यात किंवा त्याच्या शेजारी आहेत. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडच्याही आहेत, पण फिक्या. कार्बन मोनॉक्साइडची ठसठशीत रेषा २३३० नॅनोमीटरच्या पट्ट्यात येते आणि तिथे साधी काच प्रकाश शोषून घेऊ लागते. म्हणून ५० पीपीएमसारखी बारीक पातळी पकडायची तर डबीत आरसे लावून प्रकाश अनेकदा मागेपुढे फिरवावा लागतो, किंवा लेझर जवळ ठेवून तंतू आखूड करावा लागतो. किल्नच्या आत टक्क्यांनी असलेला वायू मोजणे सोपे, पंपगृहात पीपीएमने असलेला मोजणे खर्चिक, असा हा उलटा न्याय आहे. सल्फर डायऑक्साइडचे तर आणखी अवघड. तो अतिनील प्रकाश गिळतो. नायट्रोजन डायऑक्साइड निळा-जांभळा. तरंगलांबी जितकी लहान तितका काचेत प्रकाश विखुरतो, तोही चौथ्या घाताच्या प्रमाणात, त्यामुळे अतिनील प्रकाश फायबरमधून थोड्याच मीटरांपर्यंत नेता येतो. २,९२० मेगावॉटच्या चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या धुरात मुख्यतः शोधायचा आहे सल्फर डायऑक्साइडच. तेव्हा चंद्रपूर शहरावर फायबरचे जाळे टाकून हवा मोजू, असे कोणी म्हणाले तर त्याला आधी हा हिशेब मांडून दाखवायला सांगावे.

मग काही हजारांत मिळणारे खिशातले वायुमापक काय वाईट, असा प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे. अशा मापकातला विद्युत-रासायनिक सेल कार्बन मोनॉक्साइडचे काही पीपीएमसुद्धा सहज पकडतो. त्या एका कामात तो साध्या फायबरपेक्षा सरस आहे. किल्नवर चढणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या छातीवर तो असलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. पण त्याच्या खोडीही ठाऊक हव्यात. त्यातला द्रव मे महिन्यातल्या चंद्रपुरी उन्हात, पारा ४७ अंशांच्या घरात असताना, सुकतो. सेल दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो. हायड्रोजन आला तरी तो कार्बन मोनॉक्साइड समजून आकडा दाखवतो. ज्वालाग्राही वायूंसाठीचे तापलेल्या मण्याचे मापक सिलिकॉन किंवा गंधकाच्या संयुगांनी निकामी होते आणि निकामी झाले तरी शून्यच दाखवत राहते. मुख्य म्हणजे हे मापक माणसाबरोबर फिरते. जिथे माणूस गेला नाही तिथे तेही जात नाही, आणि भिलाईच्या पंपगृहासारख्या ठिकाणी माणूस आत शिरल्यावर वाजून फारसा उपयोग नसतो. कायमच्या जागी बसवायचे तर प्रत्येक सेलपर्यंत वीज न्यावी लागते, प्रत्येक ठिकाणी स्फोटरोधक पेटी लागते, दर काही महिन्यांनी माहीत असलेला वायू सोडून तपासावे लागते. फायबरच्या पद्धतीत एकच लेझर आणि एकच प्रकाशग्राहक नियंत्रण कक्षात राहतो, प्रकाश वाटून पंचवीस-तीस डब्यांना पाठवता येतो आणि बाहेर नुसती काच असते. पहिल्या डबीला हा खर्च डोळे पांढरे करणारा, तिसाव्या डबीला नगण्य. म्हणून दोन ठिकाणी मोजायचे असेल तर सेल घ्यावा. ‘वायू जिथे यायला नको’ अशा तीस ठिकाणी मोजायचे असेल तर फायबरचा विचार करावा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फायबरची केबल सगळ्या लांबीभर वायू हुंगत जाते अशी समजूत पसरलेली आहे. वायूसाठीची बहुतेक वापरातली यंत्रणा माळेतल्या मण्यांसारखी असते : मण्यांच्या जागी डब्या, मधला दोरा नुसता प्रकाश वाहणारा. दोन डब्यांच्या मध्ये गळती झाली आणि वारा उलटा असला तर ती निसटू शकते. सगळ्या लांबीभर फायबरला खरोखर चांगले कळते ते तापमान. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक मीटर जाऊन परत यायला दहा नॅनोसेकंद. प्रकाशाचा ठोका सोडून परत येणाऱ्या क्षीण रामन प्रकाशाची वेळ आणि प्रमाण मोजले की कोणत्या मीटरावर काच किती तापली आहे ते कळते. अनेक किलोमीटरच्या तंतूवर मीटरभर नेमकेपणाने आणि अंशभर अचूकतेने हे जमते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावाचा परिणाम असा कोळशाच्या पट्ट्याखाली राबतो आहे याचे मला अप्रूप वाटते. कारण चंद्रपूरच्या कोळशाची खोड हीच : ढिगात हवा शिरली की तो आपोआप तापतो, धुमसतो आणि ज्वाळा दिसण्याच्या कितीतरी आधी कार्बन मोनॉक्साइड सोडू लागतो. वीज केंद्राच्या कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलिच्या) भूमिगत खाणीतल्या सोडून दिलेल्या भागांत, कोनसरीच्या कोळशाच्या गोदामात वायू शोधण्यापेक्षा वायूचे कारण शोधणे फायबरला सोपे जाते. खाणीत तर आणखी एक लाभ आहे. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून कोळसा खाणींच्या नियमांत मिथेन सव्वा टक्क्यावर गेला की वीज तोडायची असते. वीज तोडल्यावर विजेवर चालणारे मापकही बॅटरीच्या भरवशावर जाते, नेमके जेव्हा त्याची गरज सर्वाधिक असते तेव्हा. काचतंतूत वीजच नसते. तो मोजत राहतो.

जंगलाच्या मुलखाबद्दलचे आक्षेपही आहेत. जिथे वाहने आणि मोबाइलचे टॉवर जाळले गेले तिथे काचेची नाजूक तार किती दिवस टिकणार? रस्त्याच्या कडेने खणताना जेसीबी ती कितीदा तोडणार? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त खरा आहे. पण इथे सुचवलेले जाळे कारखान्याच्या कुंपणाच्या आतले आहे, गावोगावी जाणारे नाही. शिवाय केबल तुटली तर परतणाऱ्या प्रकाशाच्या वेळेवरून ती नेमकी कुठे तुटली हे काही मीटरांत सांगता येते. पूर्वविदर्भात मान्सूनच्या आधी वीज कोसळून दरवर्षी माणसे आणि जनावरे मरतात. तांब्याच्या तारेने जोडलेली उपकरणे अशा कडकडाटात जळतात, काचेतून तो धक्का पुढे जात नाही. पावसाळ्याचे मात्र मान्य करावे लागेल. गडचिरोलीच्या चार महिन्यांच्या ओलीत रंगद्रव्याचे लेप पाणी शोषतात, त्यांचे आकडे भरकटतात. त्यामुळे इथे लेपाच्या पद्धतीवर विसंबू नये, डबीच्या पद्धतीवर विसंबावे, आणि डबीला थोडी ऊब देऊन दव धरू देऊ नये.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की एटापल्ली-आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याकडेच्या माणसाला लेझरच्या रेषेचे काय. त्याच्या घरात, पिकावर, पाण्यावर बसते ती लाल धूळ. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. धूळ मोजायला वजनाचे गाळणकागद आणि प्रकाश विखुरण्यावर चालणारी साधी यंत्रे आहेत. धूळ थांबवायला पाणी मारणे, ट्रक झाकणे, वाहतूक पाइपलाइनवर वळवणे हे उपाय आहेत. त्यात फायबरचे काही काम नाही आणि चकाकत्या तंत्राकडे बोट दाखवून धुळीचा प्रश्न झाकला जाऊ नये. पण धुळीचा प्रश्न मोठा म्हणून वायूचा धोका नाहीसा होत नाही. धूळ वर्षानुवर्षे शरीर पोखरते, कार्बन मोनॉक्साइड मिनिटांत माणूस घेतो. दोघांची मोजणी आणि दोघांची घाई वेगळी.

मोजलेला आकडा जातो कुठे हाही मुद्दा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक परिसरांचा निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन चौथे आले. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये मंडळाने अतिप्रदूषक १७ प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर सतत मोजणारी यंत्रे बसवून आकडे थेट पाठवण्याचा आदेश दिला. ही व्यवस्था धुराड्याची आहे. धुराड्यातून काय गेले ते तिला कळते. पंपगृहात, केबलच्या भुयारात, किल्नखालच्या खड्ड्यात काय साचले ते कळत नाही, कारण ते प्रदूषण मानले जात नाही, औद्योगिक सुरक्षा मानली जाते आणि ती दुसऱ्या खात्याकडे असते. कुंपणाच्या आतले आकडे आतच राहतात. माझ्या मते कोनसरीत असे जाळे बसलेच तर कुंपणालगतच्या डब्यांचे आकडे प्रवेशद्वारावर मराठीत आणि गोंडी-माडियात बोलून दाखवणारी सोय हवी आणि लगतच्या गावांना ते नियमित मिळायला हवेत. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा ज्याच्या मोठ्या भागाला लागू आहे अशा या जिल्ह्यात ग्रामसभांना आपल्या परिसराबद्दल विचारण्याची सवय आहे. विचारायला हातात काहीतरी हवे. आकडे उघड केले तर घबराट पसरेल, असे म्हटले जाते. भोपाळच्या कारखान्यात १९८४ च्या त्या रात्री गळती कामगारांना कळली ती डोळे चुरचुरल्यामुळे आणि वस्तीतल्या लोकांनाही तशीच. घबराट तिथेही पसरलीच. फक्त कोणत्या दिशेला पळावे हे सांगणारा आकडा कोणाकडे नव्हता.

हा विचार आत्ताच करण्याला एक व्यवहारी कारण आहे. चालू कारखान्यात नवी केबल ओढणे म्हणजे भट्टी बंद ठेवणे, परवाने, खोदाई आणि वैताग. कोनसरीचा पोलाद प्रकल्प उभारणीच्या टप्प्यावर आहे. नियंत्रणासाठी फायबर तर तिथे टाकावाच लागणार, कारण आजचा कोणताही पोलाद कारखाना त्याशिवाय चालत नाही. त्याच चरांत, त्याच केबलमध्ये चार-सहा तंतू जास्तीचे ठेवायला लागणारा पैसा एकूण खर्चात दिसणारसुद्धा नाही. ते वायूच्या पाइपांच्या कडेने, पाण्याच्या सीलपाशी, पंपगृहांत, केबलच्या भुयारांत आणि कोळशाच्या पट्ट्यांखाली फिरवून ठेवावेत. डब्या लगेच बसवल्या नाहीत तरी चालेल. कार्बन मोनॉक्साइडसाठी चांगले लेझर अजून महाग आहेत, ते स्वस्त होतील तेव्हा बसवता येतील. तोवर त्याच तंतूंवर तापमान मोजता येईल आणि प्रत्येक पंपगृहाच्या दाराबाहेर साधा विद्युत-रासायनिक मापक टांगता येईल.